बेंगळुरू ते पुणे: दीड तास आणि दीड महिना

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूत राहिलो, नातेवाईक मात्र सगळे पुण्यात. हवाई अंतर सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास, विमान दीड तासात उतरतं. (घरून इथल्या विमानतळावर पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ जातो, ते सोडा.) या दीड तासात मला दरवेळी एक बारा वर्षांचा मुलगा आठवतो.

१६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जिजाबाई आणि शिवाजीराजे इथे येऊन राहिले. ‘शिवभारता’नुसार बाराव्या वर्षी वडिलांनी शिवरायांना पुण्याला पाठवलं, म्हणजे साधारण १६४२.

आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. बैल, सामान, बायकामुलं घेऊन निघालेला काफिला दिवसाला वीस किलोमीटर कापतो, तेही हवामान बरं असेल तर. फौजेत पायी चाललेल्या माणसाचा हा हिशेब आहे. म्हणजे बेचाळीस मजला. तुंगभद्रा, कृष्णा उतरायला लागणारे दिवस वेगळेच.

शहाजीराजांनी मुलाला दूर लोटलं, अशी हळहळ आपल्याकडे ऐकू येते. मला ते पटत नाही. नकाशा उघडा. मुलाने मावळात किल्ला घेतला की तक्रार विजापूरला जाणार, तिथून जाब विचारणारं पत्र बेंगळुरूला, मग उत्तर परत विजापूरला. तोवर इकडे किल्ल्याची डागडुजी उरकलेली! नवख्या सेनापतीला याहून मोठी रसद कोणती मिळणार?

पण हेच अंतर उलटलंही. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली. वडील तमिळ मुलखात, थोरले बंधू संभाजीराजे बेंगळुरूत, शिवाजीराजे पुण्याकडे. एकाने दुसऱ्याच्या मदतीला फौज न्यायची म्हटली तरी महिना मोडणार. विजापूरने नेमकं हेच हेरलं आणि दोन्हीकडे सैन्य धाडलं. फत्तेखान पुरंदराकडे, फर्रादखान बेंगळुरूवर. दोघे भाऊ आपापल्या जागी एकटे लढले आणि दोघांनीही हल्ला परतवला. तरीही वडील कैदेतच होते. त्यांच्या सुटकेसाठी कोंढाणा आणि बेंगळुरू, दोन्ही सोडावी लागली. १६ मे १६४९ रोजी शहाजीराजे सुटले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने जिंकलेला किल्ला परत देताना काय वाटलं असेल, हे मला सैनिक म्हणून कळतं.

२३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे होदिगेरे इथे गेले. शिवाजीराजे नुकतेच सुरतेची मोहीम आटोपून परतत होते. त्या दिवशी त्यांना हे कळणं शक्यच नव्हतं.

होदिगेरे दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात आहे. समाधी महामार्गापासून आत, विमानातून काही दिसत नाही. पुढच्या वेळी पुण्याला मी गाडीने निघणार आहे.