एकोणतीस अंकांची संख्या : जैन गणिताचे एक सुवर्णपान

जैन आगमांत जीवद्रव्याचे विवेचन करताना 'किती?' हा प्रश्न टाळलेला नाही. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वारसूत्रात गर्भज मनुष्यांची किमान संख्या सांगितली आहे. ती अशी : २ या संख्येच्या पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणावे.

येथे 'वर्ग' म्हणजे उत्तरोत्तर केलेला वर्ग होय. २ चा पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचवा ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ येतो. शेवटच्या दोहोंचा गुणाकार पुढीलप्रमाणे आहे :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

या संख्येत २९ अंक आहेत. सूत्रकारांनी तिची दुसरी ओळखही दिली आहे : जी ९६ वेळा निम्मी करता येते, ती ही राशी. ९६ व्या वेळी बाकी १ उरतो. २ वाचून अन्य कोणताही मूळ अवयव तिला नाही. तिचे एकूण विभाजक ९७ आहेत. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तीच संख्या १ वर ९६ शून्ये देऊन लिहिली जाते. निम्मे करण्याच्या या मोजणीस दिगंबर ग्रंथांत 'अर्धच्छेद' अशी संज्ञा असून, ती आजच्या गणितातील २ या पायाचा लॉगरिदमच होय.

षट्खंडागमावरील 'धवला' टीका आचार्य वीरसेनांनी इ.स. ८१६ मध्ये पूर्ण केली. मूळ सूत्रात मनुष्यसंख्येची वरची मर्यादा कोटीस कोटीने गुणत जाऊन चार कोटींच्या गुणाकाराइतकी, म्हणजे १ वर २८ शून्ये, अशी दिली आहे. या मर्यादेतही २९ अंकच आहेत. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास दोन्ही कथने जुळतात असे वाटेल. परंतु २९ अंकी प्रसिद्ध राशी त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट भरते. वीरसेनांच्या नजरेतून हा भेद सुटला नाही. त्यांनी ४५ लाख योजन व्यासाच्या मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढून एवढे मनुष्य त्यात मावणार नाहीत असे दाखविले व ती राशी अमान्य केली. परंपरेने आलेला आकडासुद्धा गणिताच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही वृत्ती विशेष मननीय आहे.

मूडबिद्री येथील ताडपत्रांत शतकानुशतके जपलेला हा ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावती येथून १९३९ ते १९५९ या काळात १६ खंडांत प्रकाशित झाला. चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहून या विचारांचे मोल विद्वज्जगतापुढे मांडले. महाराष्ट्रातील जैन समाजास हे अभिमानास्पद आहे.

श्रद्धा आणि हिशेब परस्परविरोधी नाहीत. आचार्यांनी आगमावर अढळ श्रद्धा ठेवली आणि हिशेबही चोख ठेवला. पाठशाळेत पाढे म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ही २९ अंकी संख्या एकदा पाटीवर लिहून ९६ वेळा निम्मी करावयास सांगावी. पूर्वाचार्यांना ते खरे वंदन ठरेल.

।। जय जिनेंद्र ।।