अमेरिकेतील बेने इस्राएल : मोजदाद कोणी करावी?

हिंदुस्थानात इंग्रजांच्या अमलापासून शिरगणतीत धर्म विचारला जातो. त्यामुळे यहुदी किती, कोणत्या जिल्ह्यात, हे कागदावर राहिले. अमेरिकेत तसे नाही. तेथील जनगणनेत धर्म विचारीत नाहीत. १९७६ च्या कायद्याने कोणालाही आपला धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही. घरी कोणती भाषा बोलता, हे मात्र एका वार्षिक पाहणीत विचारतात. म्हणून मराठी बोलणारे मोजले जातात. त्यांतले बेने इस्राएल कोण, ते कळत नाही.

मग यहुद्यांचा अंदाज कसा काढतात? नमुना घेऊन. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये ४,७१८ प्रौढ यहुद्यांची उत्तरे घेतली आणि त्यांवरून सुमारे ५८ लाखांविषयी निष्कर्ष काढले. म्हणजे सरासरीने एकाचे उत्तर बाराशे जणांच्या वतीने धरले गेले. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण हंडीभर भातात पडलेले चार तीळ शितावरून सापडत नाहीत. आपल्यासारख्या लहान जमातीसाठी घरोघर विचारून यादी करणे हाच मार्ग आहे.

विचारण्याचीही रीत असते. "आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले ना?" असे विचारले, तर सगळेच "हो" म्हणतील. त्याऐवजी "तुमच्या घरी पूर्वजांविषयी काय सांगत?" असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. नवराबायकोला वेगवेगळे विचारावे. पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, हे वेगळे ठेवावे. अमेरिकेत आल्याचे साल पासपोर्टावरून, लग्नाची तारीख केतुबावरून ताडून पाहावी. नाव छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

हाईम सामुएल केहिमकर यांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापून निघाला. चाळीस वर्षे लोटली, तरी लिहिलेले होते म्हणून ते आज आपल्या हाती आहे.

आम्हां वाचकांपैकी अनेकांचे आप्त न्यूयॉर्क, न्यू जर्सीत आहेत. तेथे जन्मलेल्या मुलांना आडनावातले कोकणातले गाव ओळखता येत नाही. ते सांगू शकणारी मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. येत्या सणाला त्यांना फोन कराल, तेव्हा जवळ वही ठेवा आणि वर तारीख घाला.