मेंदूविज्ञानातील पीएच.डी. (अमेरिका)

अमेरिकी विद्यापीठांतील साधारण पाच-सहा वर्षांचा संशोधनक्रम. प्रवेशासाठी एम.एस्सी. बहुधा लागत नाही. पदवी आणि प्रयोगशाळेतला अनुभव पाहिला जातो. पहिल्या वर्षी वर्ग असतात, शिवाय दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे आळीपाळीने काम करावे लागते. उंदराच्या मेंदूचे पातळ काप घेऊन एकेका चेतापेशीचे विद्युत्-संकेत टिपणे, असे हातकाम इथे अंगवळणी पडते. मार्गदर्शकाशी सूर जुळतो का, हेही इथेच कळते. खरी कसोटी तीच. पात्रता परीक्षा बहुधा दुसऱ्या वर्षी: संशोधन-प्रस्ताव लिहून समितीपुढे त्याचे समर्थन करायचे. अध्यापनाची अट विद्यापीठागणिक बदलते. शेवटी प्रबंध व मौखिक परीक्षा. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानावरील विद्यार्थ्यांना संशोधन-नीतीचे किमान 8 तासांचे शिक्षण सक्तीचे आहे.