देठ होणाऱ्या पेशी

साल 2006, उन्हाळ्यातली सकाळ. बडोद्याच्या मकरपुऱ्यात जीआयडीसीच्या पहिल्या पाळीचे कामगार कारखान्यांकडे निघालेत आणि तुम्ही त्यांच्या उलट, उत्तरेला. खंडेराव महाराजांनी 1870 मध्ये बांधलेला राजवाडा मागे पडतो. स्टेशनाजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तुम्हाला गाठायचा आहे तिथला जीवरसायनशास्त्र विभाग, रशीदुन्निसा बेगम यांची प्रयोगशाळा. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग एका प्रश्नाभोवती फिरतो : पेशी ठरवून मरते ती कशी?

बाहेर पारा चाळिशीच्या वर. आत जो जीव वाढवायचा त्याला 22 अंश लागतात, म्हणून एसी बंद पडला की तुमचा जीव आधी कासावीस होतो. जिवाचं नाव डिक्टिओस्टेलियम. मातीत राहणारा, जीवाणू खाणारा एकपेशीय अमिबा.

तुम्ही पेशी धुता आणि अन्न नसलेल्या अगारवर पसरता. आता थांबायचं. उपाशी पेशी रासायनिक हाका घालत एकमेकींकडे सरकू लागतात. एकेका पुंजक्यात लाखभरसुद्धा जमतात. साधारण चोवीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक देठ दिसतो आणि त्याच्या टोकावर बीजाणूंचा गोळा. तो देठ नीट पाहा. सुमारे 20 टक्के पेशी त्यात गेल्या. त्यांच्या पोटात मोठी पोकळी धरली, अंगावर सेल्युलोजची भिंत चढली आणि त्या मेल्या. बाकीच्या त्यांच्या आधाराने जमिनीपासून उंच उचलल्या गेल्या.

डोळा भिंगावरून न काढता मागे या. 1930 चं दशक, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचं जंगल. केनेथ रेपर कुजक्या पाचोळ्यातून हाच जीव वेगळा काढतो आणि 1935 मध्ये त्याचं वर्णन छापतो. या जिवाचा पुढे कॅन्सरच्या प्रश्नाशी संबंध येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही.

पुढचा मुक्काम 1972, स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. टेबलावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो पसरलेत. ब्रिस्बेनहून आलेले जॉन कर, सोबत अँड्र्यू वायली आणि ॲलास्टेअर करी. तुम्ही वाकून पाहता. पेशी आक्रसली आहे, तिचं केंद्रक घट्ट गोळा झालंय, मग तिचे आवरणबंद तुकडे झालेत आणि शेजारच्या पेशी ते गिळतायत. सूज नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापल्या जाणाऱ्या लेखात हे तिघे सांगतात की असं मरण निरोगी शरीरात रोज घडतं आणि कॅन्सरच्या गाठींमध्येही घडतं. मला ही त्या काळातली फार धीट नजर वाटते. गाठ वाढते ती केवळ पेशी वाढल्यामुळे नव्हे, मरायच्या पेशी मरत नाहीत म्हणूनही. हे पुढे 1988 मध्ये बीसीएल-2 या जनुकाने पक्कं दाखवलं.

ॲबर्डीनच्या फोटोंतलं मरण मुख्यतः कॅस्पेस नावाची, प्रथिनं कापणारी विकरं घडवतात. कर्करोगाच्या कित्येक पेशी नेमकी तीच वाट अडवून बसतात. मग दुसरी वाट कोणती? इथे बडोद्याचा अमिबा कामाला येतो, कारण कॅस्पेसवाचूनही तो मरू शकतो.

2007. तुम्ही पुन्हा विभागात. बेगम आणि त्यांचे विद्यार्थी अमिबावर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. डीएनए तुटतो, आणि तो तुटल्याचं ओळखणारं पार्प नावाचं विकर जागं होतं. दुरुस्ती करणं हे त्याचं काम. पण मोडतोड फार झाली की ते बेभान चालतं, पेशीतलं ऊर्जेसाठी लागणारं एनएडी संपवतं, पाठोपाठ ऊर्जा आटते. अमिबांचा विकास खोळंबतो. ताण आणण्याआधी बेंझमाइड हे रसायन देऊन पार्प रोखलं, तर विकास पुन्हा मार्गी लागतो. ‘फेब्स जर्नल’मध्ये याच वर्षी हे प्रसिद्ध होतं. विद्यापीठातल्या विभागाला शोभणारं काम : जीव स्वस्त, प्रश्न मोठा.

आता डिसेंबर 2014 मध्ये चला. ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आहे. तेही पार्पच रोखतं. पण इथे पेशी वाचत नाही, मरते. बीआरसीए जनुक बिघडलेल्या गाठीत दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. पार्पही अडलं की तुटलेला डीएनए सांधायला काही उरत नाही. 2005 मध्ये दोन गटांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं होतं.

एकच विकर. अतिताणाखालच्या अमिबात ते अडवलं की पेशी सावरते. बीआरसीए बिघडलेल्या गाठीत अडवलं की मरते. म्हणून नवं औषध हाती आलं की तुमचा पहिला प्रश्न ‘हे काय रोखतं’ एवढाच राहत नाही. ही पेशी आधीच कोणत्या ताणाखाली आहे, तिची कोणती वाट बंद आहे, तिच्यात किती ऊर्जा शिल्लक आहे, हे सगळं तपासावं लागतं. तुम्ही नवी अगारची थाळी काढता, तिच्यावर तारीख घालता आणि या वेळी ताणाची मात्रा थोडी कमी धरता.