खिशातल्या चाकूची पारख : ओपिनेलचा इतिहास

१/ पहिला उत्तम घडीचा चाकू निवडताना काय पाहावे? आकार, पोलाद की सुरक्षितता? फ्रान्समधील साव्हॉय या आल्प्सच्या डोंगराळ प्रदेशात या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला ६५ वर्षे लागली.

२/ जोसेफ ओपिनेल (जन्म १८७२) हा अवजारे घडवणाऱ्या घराण्यातला. १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने एक साधा चाकू घडवला. पोलादी पाते, लाकडी मूठ आणि दोहोंना जोडणारी खीळ. पाते मिटले की मुठीच्या खाचेत बसे.

३/ हात निरनिराळे, कामेही निरनिराळी. म्हणून १८९७ मध्ये १ ते १२ क्रमांकांची मालिका आली. १९३५ मध्ये त्यातले दोन आकार बंद झाले. क्रमांक १ फारच चिमुकला होता. क्रमांक ११ हा १० आणि १२ यांच्यामध्ये अनावश्यक ठरला.

४/ १९०९ मध्ये मुकुट आणि हात ही मुद्रा नोंदवली गेली. पात्यावरील या मुद्रेने चाकूला ओळख दिली.

५/ तरीही एक धोका उरलाच होता. जोर लावताना पाते अचानक बोटांवर मिटू शकत असे. १९५५ मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल याने मुठीच्या तोंडाशी फिरती पोलादी कडी बसवली. कडी फिरवताच उघडे पाते जागीच अडकते.

६/ आज ८.५ सेंटिमीटर पात्याचा क्रमांक ८ सर्वाधिक लोकप्रिय आहे. त्याची मूठ साधीच असते. पारखणाऱ्याने नक्षीपेक्षा तिच्या तोंडाची कडी आधी पाहावी, हाच या इतिहासाचा धडा.