पाय सोडलेला आणि काठावर राहिलेला

तुम्ही उभे आहात तिथे पुढे वरळीची टेकडी होणार आहे. आज ना मुंबई, ना कोकणपट्टी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा पाऊस नुकताच थांबलाय. लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमधल्या उसंतीत काळ्या खडकावर एक उथळ तळं साचलंय. काठच्या चिखलात खाली वाका. इवलासा एक बेडूक टुणकन उडी मारून पाण्यात जातो. पुढचा लाव्हा येईल तेव्हा तळ्याचा गाळ दगड होईल, आणि त्यातली नाजूक हाडं पाहून 1847 साली प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन या बेडकाचं वर्णन लिहितील. आज शास्त्रज्ञ त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. समुद्रात देवमासा मात्र शोधू नका. तो अजून जन्मालाच आलेला नाही.

दोन कोटी वर्षं पुढे या, कच्छच्या उथळ किनाऱ्यावर. लांब तोंडाचा, आखूड पायांचा एक प्राणी पाण्यातून सरपटत बाहेर येतोय. दिसायला पाणमांजरासारखा, शेपूट दणकट. हा कच्छिसेटस, देवमाशांच्या कुळातलाच. त्याचे पाय अजून शाबूत आहेत. या कुळाच्या पुढच्या पिढ्या समुद्रात खोल खोल जातील, मागचे पाय गळून पडतील, अंग वाढत वाढत निळ्या देवमाशाचं 25-30 मीटरचं शरीर होईल. फुप्फुसं तेवढी जुनीच राहतील. श्वासाला वर यावंच लागेल.

आता गणपतीपुळे, नोव्हेंबर 2023. दिवाळीचे दिवस, किनारा माणसांनी फुललेला. वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलंय, वीसेक फूट लांब, काही टन वजनाचं. गर्दीतून वाट काढत जवळ जा. डोक्यावरच्या नाकपुड्या उघडतात, मिटतात, आणि पुन्हा उघडायला फार वेळ लागतो. हवा आहे, तरी जीव घुसमटतोय. आजवर जे वजन पाण्यानं तोललं, ते आता फुप्फुसांवर आलंय. कातडी सुकू नये म्हणून लोक सतत पाणी मारतायत. त्याच्या पोटात, कण्यापासून सुटलेली कमरेची दोन हाडं आजही आहेत, पण त्यांच्या आधारानं उभं राहता येत नाही. गावकरी, मच्छीमार, वनविभाग, तटरक्षक दल, सगळे राबले. चाळीसेक तासांनी पिल्लाला खोल पाण्यात नेऊन सोडलं. पण नंतर ते मेलेल्या अवस्थेत पुन्हा किनाऱ्याला लागलं.

तिथून आंबा घाट फार लांब नाही. जुलैची रात्र, कातळावरून पाण्याचा पातळ पडदा ओघळतोय, खाली ओढा नदीकडे धावतोय. बॅटरी कातळाला अगदी टेकवून धरा. शेवाळावर इंदिराणा बेडकांची पिल्लं चिकटलीत. ती ओढ्यात पोहत नाहीत. लांब शेपूट आणि लवकर फुटलेले मागचे पाय यांच्या जोरावर ओल्या उभ्या दगडावर उड्या मारतात, शेवाळ खरवडून खातात. देवमाशानं जे पाय टाकून दिले, तेच यांचं सगळं भांडवल. मोठा झालेला बेडूक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, तसाच ओल्या कातडीनंही घेतो. कातडी सुकली की संपला. अवाढव्य पिल्लाला वाळूवर आणि या चिमुकल्याला कातळावर एक गोष्ट सारखीच लागते, ती म्हणजे ओल.

मला या दोघांत बेडूक अधिक धोक्यात वाटतो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पिल्लासाठी सगळा गाव धावला, ते योग्यच झालं. पण घाटातला एक पाझर बुजला, कातळ फोडून भिंत उभी राहिली, तर तिथली पिल्लं कुणाच्या नजरेलाही येणार नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याला हे दोघेही लाभले आहेत. तेव्हा किनाऱ्यावर देवमासा दिसला तर त्याला शेपटीनं ओढू नका, नाकपुड्यांत पाणी-वाळू जाऊ देऊ नका, वनविभागाला लगेच कळवा. आणि पावसाळ्यात रात्री घाट उतरताना गाडीचा वेग कमी ठेवा, रस्त्यावर बेडूक असतात.