पळसपापडी आणि हिंगे

घोड्याच्या पोटातील जंतांवर भारतातील सलोत्री, म्हणजे परंपरेने शिकलेले अश्ववैद्य, जी झाडपाल्याची औषधे देत आले, त्यांत वावडिंगाची कथा सरळ आहे. पळसपापडीची, म्हणजे पळसाच्या शेंगेतील चपट्या तांबूस बियेची, कथा मात्र एका विषारी भुंगेऱ्यापाशी जाऊन पोहोचते.

पळसबीजाचा कृमींवरील उपयोग सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात येतो, आणि संस्कृत अश्ववैद्यकाची मांडणी आयुर्वेदाच्याच दोषविचारावर उभी असल्यामुळे हे बी माणसाच्या औषधातून तबेल्यात गेले असावे, उलट दिशेने नव्हे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज डॉक्टरांनी किरमाणी ओव्यातून निघणाऱ्या सँटोनिनला पर्याय म्हणून ते पारखले. बी भिजवून साल काढायची, वाळलेल्या गराची पूड तीन दिवस द्यायची आणि चौथ्या दिवशी एरंडेल पाजायचे, अशी रीत होती. यावरून जंत एरंडेलानेच पडतात, बी नाममात्र, असे कोणी म्हणेल. पण हेच बी लिंबाच्या रसात वाटून लावले की कातडी लाल होते, आणि नायट्यावर त्याचा लेप देत असत; म्हणजे बी स्वतः निष्क्रिय नव्हते, आणि हे त्या पक्षाला अडचणीचे आहे.

ब्रिटिश औषधसंहितेच्या १९०० सालच्या भारतीय व वसाहती पुरवणीत पळसबी आणि हिंगे, म्हणजे अंगावर फोड आणणारे भुंगेरे, दोन्ही दाखल आहेत. एक पोटात घेण्याचे, दुसरे कातडीला लावण्याचे, आणि त्यांची सोयरिक तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. १९६७ साली राज आणि कुरूप या संशोधकांनी बियेतील जंतनाशक द्रव्य वेगळे करून त्याला पॅलासोनिन म्हटले, आणि पुढच्याच वर्षी रचना उलगडली तेव्हा ते भुंगेऱ्यांच्या कँथरिडिन या विषातून एक मिथिल गट वजा केल्यावर उरणारे द्रव्य ठरले. फ्रेंच रसायनज्ञ रोबिकेने १८१० साली वेगळ्या केलेल्या या कँथरिडिनचा घोड्याशी संबंध जुना आहे: भुंगेऱ्यांचे मलम युरोपातील नालबंद लंगडणाऱ्या घोड्याच्या पायाला चोळत, आणि लसूणघासाच्या गठ्ठ्यात चिरडलेले भुंगेरे पोटात गेल्याने अमेरिकेत घोडे दगावतात, कारण वजनाच्या किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम मात्राही जीव घेऊ शकते. जंत मारणारी बी आणि घोडा मारणारा किडा असे एका कुळातले निघावेत, हे जुन्या औषधींच्या इतिहासात विरळाच. सलोत्र्यांची पूड घोड्याला पचली याचे श्रेय बेताच्या मात्रेलाच द्यावे लागते.

आयव्हरमेक्टिनसारखी आधुनिक जंतनाशके आल्यावर तबेल्यातील पळसपापडीचे काम संपले, कोडे मात्र वाढले. दक्षिण आफ्रिकेतील एका जातीच्या भुंगेऱ्याच्या रक्तरसातही पॅलासोनिन असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यामुळे किड्याने ते झाडाकडून उचलले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु कँथरिडिन हे भुंगेरे स्वतःच तयार करतात, तेव्हा झाड आणि किडा यांनी एकच विष स्वतंत्रपणे घडवले, हा पक्ष अधिक बळकट ठरतो.